किल्लेदाराचा एकच नियम

फार जुन्या काळी एका डोंगरी किल्ल्याला शत्रूने वेढा घातला. आत शंभर माणसं होती. माणशी रोज तीन भाकऱ्या धरल्या, तर धान्य साठ दिवस पुरणार होतं. राजाची फौजही साठाव्या दिवशी पोचणार होती, म्हणून धान्यकोठी सांभाळणारी बायजा निर्धास्त होती.

पण त्याच दिवशी आसपासच्या वाड्यांतली पन्नास माणसं आश्रयाला वर आली. बायजाने लगेच किल्लेदाराला सांगितलं, की आता धान्य चाळीसच दिवस जाईल, भाकऱ्या कमी करा.

किल्लेदाराला गणिताचा एकच नियम येत होता आणि तो त्याला फार आवडायचा. माणसं दीडपट झाली, तर दिवसही दीडपट. धान्य नव्वद दिवस पुरेल, असं त्याने ठणकावलं.

बायजाने एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिने सहा भाकऱ्यांची दुरडी त्याच्यापुढे आदळली.

“सरकार, दोघं जेवायला बसले, तर किती किती येतील?”

“तीन तीन.”

“आणि तिसरा येऊन बसला, तर?”

किल्लेदाराने भाकऱ्या तीन ठिकाणी मांडून पाहिल्या. “दोन,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून माणशी दोन भाकऱ्या मिळू लागल्या. सुटले बाई एकदाची, असं बायजाला वाटलं.

महिन्याभराने खालच्या माचीचा तट ढासळला. खिंडार बुजवायला ऐंशी दगड हवे होते. दहा माणसं दिवसाला चाळीस दगड आणत, म्हणजे दोन दिवसांचं काम. किल्लेदाराला घाई होती. त्याने पाच माणसं काढून घेतली.

बायजा धावत गेली. किल्लेदार शांतपणे म्हणाला, “तूच शिकवलंस ना, माणसं वाढली की घटतं म्हणून? आता माणसं निम्मी केली. दगड दुप्पट येतील.”

बायजाने कपाळाला हात लावला. “अहो, भाकरी आहे तेवढीच वाटून खायची असते. दगड जो तो आपापले आणतो. जेवढी माणसं जास्त, तेवढे दगड जास्त.”

किल्लेदाराने ऐकून घेतलं, आणि माणसं पाचच ठेवली.

संध्याकाळपर्यंत वीस दगड आले. दुसऱ्या दिवशीही वीसच. तिसऱ्या पहाटे शत्रू त्या खिंडारातून शिरला. माची गेली, सात माणसं गेली. बालेकिल्ला तेवढा फौज येईपर्यंत कसाबसा तगला.

राजाने किल्लेदाराला पदावरून काढलं. मग बायजाला बोलावून विचारलं, की तू त्याला वेळेवर सांगितलं का नाहीस?

बायजा तशीच वळली आणि कोठीकडे चालू लागली.

बोध इतकाच: नियम पाठ असून भागत नाही, कोणती गोष्ट कशाबरोबर वाढते आणि कशामुळे घटते, हे आधी नीट पाहावं लागतं.