कडू कंद

फार पूर्वी रानातले प्राणी मिळून ओढ्यावर बांध घालत होते. दुपारी सगळे करंजाखाली शिदोऱ्या सोडत आणि एकमेकांचं चाखत. साळिंदर मात्र दूर खडकाआड एकटंच जेवायचं. त्याच्या शिदोरीत कडू कंद असत. पहिल्याच दिवशी माकडाने ते थुंकून टाकले होते, आणि सगळे हसले होते. तेव्हापासून त्याला कुणी बोलावलं नाही.

एकदा म्हातारी कासवीण आपली शिदोरी घेऊन खडकाआड आली.

“इतक्या लांब का रे बसतोस?”

“माझे कंद कडू आहेत, आजी.”

“बघू तरी.” तिने अख्खा कंद खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. “कडूच आहेत! आता माझी भाजी घे. अळणी झालीय.”

भाजी खरंच अळणी होती. साळिंदराने पान चाटूनपुसून साफ केलं.