एका बाजूची कात्री

एकदा एक शिंपी कोंबड्या पाळायला निघाला. हसू नका. पन्नाशी उलटल्यावर डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा ओवेना, मग बिचारा दुसरं करणार काय? भिकाजी त्याचं नाव. शिवणयंत्र एकाला देऊन टाकलं आणि त्याच्या बदल्यात अठरा गावठी तलंगा घरी आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. अंगाने हलकी, पायाला भिंगरी, आणि सारं लक्ष कुंपणापलीकडे. पलीकडे होता शेजाऱ्याचा काळा कुत्रा. पहिल्याच आठवड्यात दोघी उडून पलीकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

"राहिलेल्या सोळा अशाच गेल्या, तर आपण खायचं काय?" बायकोने, अनसूयेने, विचारलं. भिकाजीने पायांत वहाणा सरकवल्या. तो तडक ओढ्यापल्याडच्या येसूआजीकडे गेला. या म्हातारीचा उभा जन्म कोंबड्यांत गेलेला. पंचक्रोशीत कुणाची कोंबडी आजारली की माणसं तिचंच दार ठोठावत.

"आजी, मला शिकवा. तुम्ही सांगाल ते करीन."

"सांगेन ते करशील रे. त्याहून जास्त तर करणार नाहीस ना?"

हा कसला प्रश्न, ते भिकाजीला उमगलं नाही. त्याने आपली मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आजी त्याच्या अंगणात आली. एकेक तलंग काखेत धरायची, उजवा पंख उलगडायचा, टोकाची लांब पिसं निम्म्यावर कातरायची, की सोडली. डाव्या पंखाला तिने बोटसुद्धा लावलं नाही.

"आजी, डावा राहिला."

"राहू दे."

"सगळ्यांचाच?"

"सगळ्यांचाच." पदर झटकून म्हातारी चालू लागली.

आता बघा, तीस वर्षं शिवणकाम केलेला हा माणूस. एक बाही आखूड नि एक लांब, असला सदरा त्याने जन्मात कुणा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला नव्हता. त्या सोळाजणी एक पंख तोकडा घेऊन अंगणात हिंडू लागल्या, तशी त्याच्या जिवाची घालमेल होऊ लागली. म्हातारी विसरली असेल? दमली असेल? का आपली पारख करते आहे? विचार करकरून डोकं भणभणलं. तीन दिवस त्याने कसेबसे काढले. चौथ्या दिवशी चष्मा पुसला, कात्री घेतली आणि प्रत्येकीचा डावा पंख उजव्याच्या मापाने अगदी तंतोतंत सारखा करून टाकला. किती दिवसांनी हातांना त्यांचं काम मिळालं होतं! त्या रात्री तो दोन घास जास्तच जेवला.

सकाळी पाहतो तो चार तलंगा कुंपणावर! त्यांतली तांबडी अनसूयेची लाडकी होती, तिच्या हातावर बसून दाणे टिपायची. ती पलीकडे उतरली. भिकाजी काठी घेऊन धावला, पण तो पोचेपर्यंत तिथे नुसती पिसं उरली होती. अनसूया पायरीवर बसून रडली.

तो आजीपुढे जाऊन उभा राहिला. "आजी, हे काय अक्रीत? एक पंख कापला होता, तेव्हा एकही उडाली नाही. मी दुसराही कापला, तर उडाल्या! थोडं कापलं की खाली, जास्त कापलं की वर! मला वेड लागायची पाळी आली."

तांबडी गेल्याचं ऐकून आजी आधी हळहळली. मग म्हणाली, "अरे शहाण्या, पाखरू नुसतं बळावर उडत नाही, तोलावर उडतं. एक पंख आखूड असला की झेप घेताना ते कलंडतं. चारदा कलंडलं की नाद सोडतं. तू दुसराही तेवढाच केलास. बळ गेलं थोडं, पण तोल तू त्यांच्या हाती परत दिलास."

भिकाजीचा चेहरा पडला. "मग आता दोन्ही मुळापासूनच कापू?"

"मुळाशी रक्त असतं. आणि उद्या कुत्रा आत शिरला तर तुझ्या पांगळ्या कोंबड्यांनी जायचं कुठे? उजवी बाजू आणखी बोटभर कमी करू, एवढंच. पिसं काही दिवसांनी परत येतीलच."

"परत येणार? मग एवढी खटपट कशासाठी?"

"तोवर दाणा तूच टाकायचा. हाकही तूच मारायची. रोज त्याच वेळेला." आला होता त्याहून जास्त गोंधळून भिकाजी घरी परतला.

पण या खेपेला त्याने सांगितलं तेवढंच केलं. सकाळ-संध्याकाळ "आ, आ, आ" करून दाणा टाकला. तुरे लाल झाले, पहिली अंडी आली. आणि एके दिवशी पाहतो, तर उजव्या पंखांवर नवी लांब पिसं! कात्री घेऊन तो अंगणात आला, तेव्हा आजी अनसूयेशी बोलत बसली होती.

"थांब," ती म्हणाली.

तेवढ्यात एक पांढरी कोंबडी उडाली आणि नेमकी कुंपणावर जाऊन बसली. खाली कुत्रा गुरगुरला.

"आजी, गेली हो ही!"

"हाक मार."

भिकाजीने हाक मारली. "आ... आ, आ..." पांढरीने मान वाकडी करून पलीकडे पाहिलं, मग अलीकडे पाहिलं, आणि धपकन त्याच्या पायाशी उतरली.

आजी हसली. "कात्रीने फक्त दिवस मिळतात, भिकाजी. त्या दिवसांत ओढ लावायची असते. ती तू लावलीस."

भिकाजीने कात्रीकडे पाहिलं, अनसूयेकडे पाहिलं, आणि किती दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी सुटली. "ही कात्री शिवणाच्या डब्यात ठेव," एवढंच तो तिला म्हणाला.

आपल्या घरी उडायच्या वयाचं कुणी असेल, तर कात्री शोधण्याआधी एकदा हाक मारून पाहावी.