अक्कांचा कस

बाजार समितीचे सभापती हैबतराव यांची जुनी मोटार घाटात आचके देऊ लागली. ते ड्रायव्हरवर कडाडले, "बाबालाल, उद्यापासून येऊ नकोस!"

सोबत थोरली बहीण होती. यजमानांच्या माघारी त्यांचं गॅरेज चालवणाऱ्या अक्कांनी बॉनेट उघडायला लावलं.

"बाबालाल, इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढून बघ. जी काढल्यावर इंजिन आणखी अडखळेल, ती कामाची. जी काढून काहीच फरक पडत नाही, ती निकामी."

तिसरी निकामी निघाली. डिकीतली जुनी वायर लावताच इंजिन सुरळीत झालं.

"तरी याला काढणारच!" हैबतराव म्हणाले.

"काढ की. पण कस तोच लावू. आठवडाभर तो घरी बसेल, मग आठवडाभर तू. कोणावाचून अडतं, ते गावच सांगेल."

हैबतरावांनी स्वतः बॉनेट लावलं.

"बाबालाल, चल. उशीर होतोय."