चार सेकंद

"मग गणितात चूक कुठे आहे, चाचा?"

हेरंबने वही पुढे केली. दाऊदचाचांनी ती घेतली नाही. जेटीच्या पायरीवर बसून ते तुटलेल्या दोराचं टोक न्याहाळत होते.

परवा खाडीतली लाँच जेटीला लागताना हा दोर तुटला आणि उसळलेलं टोक महादूच्या छातीवर बसलं. महादू लाँचवरचा खलाशी, चाचांच्याच हाताखाली तयार झालेला. तो जागीच गेला; दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

हेरंब परदेशात शिकून गेल्या वर्षी गावी परतला होता. लाँचची व्यवस्था त्याने स्वतःहून मागून घेतली होती. लहानपणी त्याला वल्हं धरायला शिकवलं ते चाचांनीच.

"वाचून दाखव," चाचा म्हणाले. "साहेबांचं अक्षर मला लागत नाही."

"लाँच चाळीस टनांची. वेग सेकंदाला एक मीटर. थांबायला चार सेकंद. म्हणजे दोरावरची सरासरी ओढ एक टनाची. दोर तीन टन ओढ सोसणारा होता. तो तुटायलाच नको होता."

"चार सेकंद कुठून आणलेस?"

"मोजले. वीस खेपा, घड्याळ लावून."

"तेव्हा दोरावर कोण होतं?"

"तुम्ही."

"मी बांधत होतो?"

हेरंबची नजर जेटीवरच्या खुंट्याकडे गेली.

चाचा खुंट्याला दोराचे दोन वेढे घालत आणि दोर हातांतून सरकू देत. लाँच थांबली की मग गाठ. असं करण्यात दोर झिजतो, म्हणून चाचा काम सोडून घरी बसल्यावर हेरंबने खुंट्याशेजारी पाटी लावली होती. 'दोर आधी पक्का बांधावा. सरकू देऊ नये.'

महादूने पाटीवर होतं तसंच केलं होतं.

"सेकंद माझ्या हातांचे," चाचा म्हणाले. "ते तू वहीत ठेवलेस. महादूला नुसता दोर दिलास."

"आणि ती ओढ," चाचांनी पुढे विचारलं, "सगळा वेळ सारखीच होती?"

वहीत हेरंबने एक सपाट आडवी रेघ काढली होती. त्याने वही पायरीवर ठेवून पान उलटलं. पेन्सिल कागदाच्या तळाशी टेकवली.

"दोर सैल होता," तो हळू म्हणाला. "तोवर ओढ नाहीच. अजून नाही. अजून नाही… मग दोर ताणला गेला."

पेन्सिल सरळ वर निघाली. कागदाची कड आली तरी ती थांबली नाही, खालच्या दगडावर जाऊन मोडली.

"ओढ गुणिले वेळ, तो आवेग तेवढाच," तो पुटपुटला. "फक्त सगळा एका जागी आला."

"सरासरीने कुणी मरत नाही, हेरंब."

ओहोटी लागली होती. लाँचखालचा चिखल उघडा पडत चालला होता.

"शेवंतीला वाटतंय, महादूची गाठ चुकली," हेरंब म्हणाला. शेवंती महादूची बायको.

"कोण म्हणालं तिला असं?"

"चौकशीच्या कागदावर तसं आहे."

"कागद कुणी लिहिला?"

"…मी. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं."

"आता काय वाटतं?"

"मी सांगणार आहे तिला. पण एकदम नाही. आत्ता म्हणेन, दोर खराब निघाला. महिन्याभराने पाटीचं सांगेन. मग गणिताचं. तेवढाच घाव, पण वेळ लावून घातला तर माणूस तगतं. आत्ता हेच तर शिकवलंत तुम्ही."

चाचा हसले. त्या हसण्याने हेरंबची मान खाली गेली.

मग त्यांनी दोन्ही तळहात त्याच्यासमोर उघडे धरले. त्यांवर रेषा उरल्या नव्हत्या. जुनं भाजल्यासारखी गुळगुळीत, पांढरी कातडी, बोटांच्या पेरांपर्यंत.

"दोर हळूहळू सोडताना सोडणाऱ्याचीच सालटी निघतात, साहेब. तुझी कुठे निघतायत?"