गेनूने ओव्हन घासला

एक होतं गाव आणि त्या गावात होता गेनू. भोळा? अहो, भोळेपणानेही त्याच्यापुढे हात टेकले होते. त्याची आई अनसूयाबाई घरी नानकटाई भाजून विकायची. सांडलेल्या तुपाने तिचा ओव्हन आतून काळाकुट्ट झालेला. आणि रविवारी गेनूला बघायला मुलीकडचे येणार होते. त्यात मुलीचा मामा भलता चिकित्सक. आधी घरातली स्वच्छता बघायचा, मग मुलगा. हे स्थळ गेलं तर गेनूला पुन्हा कोण विचारणार? आईला घास गोड लागेना.

शनिवारी ती म्हणाली, "गेनू, खायचा सोडा पाण्यात कालव आणि ओव्हनला आतून लेप दे."

गेनूने दिला. आत नानकटाईचं ताट होतं. त्यालाही दिला.

"अरे मेल्या! आधी आतलं सगळं बाहेर काढायचं असतं!"

"बरं, आई."

संध्याकाळी आईने पाहुण्यांसाठी करंज्या तळल्या. "या डब्यात भर," म्हणाली. गेनूने भरल्या. आधी आतलं सगळं सारण बाहेर काढलं.

आईने कपाळावर हात मारला. मग स्वतःच ओव्हनला लेप दिला. "हे बघ. पांढरा लेप लागला की दार बंद. काही झालं तरी सकाळपर्यंत उघडायचं नाही!"

"बरं, आई."

सकाळी तिने वाळलेल्या लेपावर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. फडक्याने पुसलं तर ओव्हन लख्ख! फडकं तेवढं काळंमिट्ट झालं.

"काळं राहिलं असतं तर पुन्हा लेप आणि पुन्हा दार बंद," आई खुशीत म्हणाली.

"बरं, आई."

पाहुणे आले. मुलीचे वडील हिराजीराव ओसरीवर टेकले. मामा तोंडाला पावडर थापून आलेले. ते तडक कोठीच्या खोलीत जळमटं शोधायला शिरले. गेनूने त्यांचं तोंड पाहिलं. पांढरं! त्याने बाहेरून कडी घातली.

"अरे, उघड!" मामा ओरडले.

"सकाळी!" गेनू म्हणाला.

आई धावत आली, कडी काढली. मामा घामाघूम झालेले. "अगं बाई! गेनू, लिंबू पिळ पटकन!" तिला सरबत करायचं होतं. गेनूने लिंबू मामांच्या डोक्यावर पिळलं आणि ओव्हनच्या फडक्याने तोंड पुसून दिलं.

"मोडलं स्थळ!" काळेठिक्कर मामा गरजले.

"आई, काळं राहिलं गं," म्हणत गेनूने उरलेला लेप त्यांना फासला, आत ढकललं आणि कडी लावली. फडकं ओसरीवर टाकलं.

हिराजीराव पोट धरधरून हसत सुटले. "विहीणबाई, या माणसाने माझ्या पोरीची किती स्थळं मोडली म्हणून सांगू! राहू दे सकाळपर्यंत आत. आणा सुपारी, फोडून टाकू!"

आईला आनंदाने रडूच आलं. जमलं की हो लग्न! ती सुपारी आणायला आत पळाली. इकडे हसून हसून हिराजीरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हाताला लागलेल्या फडक्याने तोंड पुसलं.

गेनूने वाकून पाहिलं. "अरेच्चा, इथंही राहिलंच की!"

आई सुपारी घेऊन आली तर ओसरीवर कुणीच नाही. कोठीचं दार आतून दोघं जण बडवत होते आणि गेनू दाराला पाठ लावून बसला होता.

"आई, सुपारी ठेव," तो म्हणाला. "आता सकाळीच लागेल."