असाबेला हाक कुणी मारायची

फार लांब, नायजेरिया नावाच्या देशात, एका दांडग्या नदीच्या काठी बाजार भरायचा. तिथं तीन तऱ्हेची माणसं शेजारी शेजारी बसत. उत्तरेकडची हौसा, पश्चिमेकडची योरुबा आणि पूर्वेकडची इग्बो. बोली वेगळी, देव वेगळे, जेवण वेगळं. उन्हात मात्र सगळी सारखीच करपायची.

त्यांत एक योरुबा रंगारीण होती. कापड निळीत बुडवून बुडवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. पोरं मोठी होऊन दूरच्या शहरात गेली, तेव्हापासून बाईचा एका जागी पाय ठरत नव्हता. निळीचा रांजण ढवळायची, उठायची, घाटापर्यंत जायची, परत यायची. आणि आली की शेजारणीकडं बघत बसायची.

शेजारीण हौसा. बाजरीचे उंडे ताकात कुस्करून विकायची. तिला असाबे नावाची पाचेक वर्षांची लेक, आणि पाठीला बांधलेला एक धाकटा. धाकट्याचे दिवसभर लाड चालायचे. असाबेला मात्र आई कधी जवळ घ्यायची नाही, नावानं हाक मारायची नाही, तिच्याकडं धड बघायचीसुद्धा नाही. दुपार झाली की एक वाटी तोंड न वळवता मागं सरकवायची. असाबे ती उचलायची आणि कोपऱ्यात बसून खायची.

ते रंगारणीला बघवायचं नाही. तिच्या लोकांत पोराला सकाळी उठवायचं तेही आजा-पणजाची कौतुकं गात. आणि इथं साधी हाक नाही.

एकदा न राहवून ती पलीकडच्या इग्बो तेलवाल्याकडं गेली आणि म्हणाली, "ही बाई आहे की धोंडा? कुत्र्यापुढं ढकलावी तशी वाटी ढकलते पोरीपुढं."

तेलवाला कोलाची बी फोडत होता. ही कडवट बी त्याच्या लोकांत आल्यागेल्याला आधी देतात, आपल्याकडं पानसुपारी देतात तशी, आणि फोडण्याआधी तिच्यावर प्रार्थना म्हणतात.

"मलाही ती माणसं कळत नाहीत," तो म्हणाला. "बी घेतात आणि तशीच तोंडात टाकतात. देवाला एक शब्द नाही. पण मावशी, मी तुमच्या लोकांच्या रीतीनं तुमच्यापुढं आडवा पडून नमस्कार घातला नाही, उभ्या उभ्याच केला, म्हणून पहिल्या दिवशी तुम्ही मला उद्धट म्हणाला होता."

"अजून म्हणते."

"म्हणा. तेल माझ्याकडचंच नेता ना? त्या बाईला एकदा विचारून तरी बघा."

विचारायला धीर लागतो. रंगारणीकडं नेमका तोच नव्हता. बाई धोंडाच, असं तिचं मनात ठरूनही गेलं होतं.

पुढच्या बाजाराला नदी फुगली. होड्या लवकर सुटणार म्हणून जो तो गाशा गुंडाळायला लागला. या गडबडीत रंगारणीनं कापड रांजणात तसंच सोडलं, असाबेचा हात धरला आणि होडीत बसायला चल म्हणाली. होडीत बसायला कुठलं पोर नाही म्हणेल? बाईचा बेत होता पोरीला शहरात आपल्या लेकीकडं ठेवायचा. तिथं निदान कुणी नावानं हाक तरी मारील.

होडी माणसांनी भरली. नावाड्यानं बांबू हातात घेतला. तेवढ्यात काठावर आई दिसली. डोक्यावरचा पदर कुठं पडला होता तिचं तिला ठाऊक नव्हतं. "ए पोरी, ए पोरी" करत धावत होती, आणि घाटावरच्या सगळ्या पोरी वळून बघत होत्या. लोक म्हणाले, अहो बाई, नाव सांगा, आम्ही हाक मारतो. बाईचे ओठ हलले आणि मिटले. कुणीतरी हसलं, आईलाच पोरीचं नाव ठाऊक नाही म्हणून. तशी ती धाकट्यासकट पाण्यात शिरली आणि एकेका होडीत वाकून बघायला लागली. पाण्याला ओढ होती. ते तिच्या कमरेच्या वर चढलं.

"बघ," रंगारीण म्हणाली, "आतासुद्धा नाव घेत नाही."

"कशी घेईल?" असाबे म्हणाली. "मी पहिली ना. आमच्यात पहिल्या पोराचं नाव आई घेत नाही. चारचौघांत जवळ घेतलं तर लोक बेशरम म्हणतात. मला आजी हाक मारायची. आजी मेली."

"आणि ती वाटी?"

"त्यात मध असतो. विकायच्या उंड्यांत नसतो. धाकट्यालासुद्धा देत नाही."

होडी काठापासून सुटली. रंगारीण गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण हेलकावणाऱ्या होडीत ती उभी राहिली आणि सगळा घाट वळून बघेल अशी ओरडली, "असाबे इथं आहे. बाजरीवालीची थोरली लेक असाबे इथं आहे."

शिव्या घालत नावाड्यानं होडी मागं घेतली.

"पोर हरवली नव्हती," रंगारीण काठावर उतरून म्हणाली. "मी नेत होते."

आईनं पाठ फिरवली आणि लुगड्याचं ओलं टोक मागं सोडलं. असाबेनं ते धरलं. दोघी निघाल्या. आईनं एकदाही मागं पाहिलं नाही, पण पाऊल पोरीच्या बेतानं टाकत होती.

रांजणात विसरलेलं कापड पुढच्या बाजारापर्यंत कुजलं होतं. हात लावला की फाटत होतं.

किती बाजार भरले आणि उठले, शेजारीण रंगारणीशी बोलली नाही. एका संध्याकाळी मात्र ती रांजणाशी येऊन उभी राहिली. असाबे खेळत खेळत घाटाकडं गेली होती. आई नदीकडं तोंड करून म्हणाली, "मावशी, अंधार पडायला आला. जरा हाक मारता का?"

रंगारणीनं निळे हात तोंडाशी धरले आणि हाक मारली. आजा-पणजाची कौतुकं जोडून मारली. तेव्हापासून दर बाजाराला मारायची.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या घरची माया आपल्या घरच्या मापानं मोजू नये. मोजायची खाज सुटलीच, तर आधी वाटीत काय आहे ते विचारावं.