दारातले साहेब

पाटी पडली तरी दचकणाऱ्या ऋतुजाबाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि ते ठरणार होतं तपासणीच्या शेऱ्यावर. त्या चौथीला प्रकाश शिकवत होत्या. वीज गेलेली, खोलीला खिडकी नाही, दार एकच, आणि नेमके त्याच दारात तपासनीस भोगले साहेब येऊन उभे राहिले. बाईंच्या हातून खडू निसटला.

"काय हो बाई, टेबलावर साहित्य नाही? नुसती बडबड? तसाच शेरा लिहितो!" साहेबांनी शेरेबुक उघडलं. "आणि अंधार किती हा! अक्षर दिसेना."

बाईंच्या तोंडून नकळत निघून गेलं, "साहित्य आहे ना, साहेब. जरा आत येता?"

साहेब आत आले. वर्ग उजळला.

"आता पुन्हा दारात?"

साहेब गोंधळून परत गेले. अंधार झाला.

"मुलांनो, उजेड कुठे अडला?"

"साहेबांपाशी!"

"ज्यातून उजेड आरपार जात नाही, ती वस्तू कशी?"

"अपारदर्शक!" वर्ग असा ओरडला की बाईच दचकल्या.

"एवढं मोठं साहित्य टेबलावर मावलं नसतं, साहेब."

साहेबांनी पोट आत ओढलं, बाजूला सरकून उजेड घेतला आणि लिहिलं, 'साहित्याचा वापर उत्तम.'